साखर, व्यायाम आणि चरबी: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

पहाटे साडेपाचला उपवन तलावाला फेऱ्या मारणारी, येऊरचा चढ चढणारी, वाशीच्या मिनी सी-शोअरला आणि खारघरच्या सेंट्रल पार्कात झपझप चालणारी माणसं पाहिली की मला मनापासून कौतुक वाटतं. नोकरी, लोकल, घर सांभाळून एवढ्या लवकर उठणं सोपं नाही. यातली बरीच माणसं कधी ना कधी माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाकडे येतात आणि म्हणतात, "मॅडम, रोज चालतोय, जिमचे पैसे भरलेत, पण काटा हलत नाही." त्यांचं जेवण विचारलं तर वरण-भात, पोळी-भाजीत फारसं वावगं निघत नाही. वावगं निघतं ते दोन जेवणांच्या मधल्या वेळात, आणि बहुतेक वेळा ते पेल्यातून किंवा कपातून गेलेलं असतं. साखरेबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कॅलरी म्हटलं आहे तिथे पाकिटावर छापलेली किलोकॅलरी समजा, आणि चमचा म्हणजे चहाचा सपाट भरलेला चमचा: साधारण ५ ग्रॅम साखर, २० कॅलरी.

साखर खाल्ली की चरबी वाढतेच का?

शरीर चरबी साठवतं ते खर्चापेक्षा जास्त ऊर्जा आत आली म्हणून. ती साखरेतून आली, तेलातून आली की भातातून, यावर साठवण्याचा निर्णय होत नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले. दोन्ही गटांना सारख्याच, मोजक्या कॅलरी दिल्या. एका गटाच्या आहारात ४३ टक्के ऊर्जा साखरेची होती, दुसऱ्या गटात जेमतेम ४ टक्के. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं होतं.

हे वाचून कुणी साखरेचा डबा पुढे ओढू नये. त्या स्त्रियांना जेवण मोजून मिळत होतं, आपल्या घरी कुणी मोजून वाढत नाही. न्यूझीलंडच्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी असे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले. बाकीचं खाणं माणसाच्या मर्जीवर सोडून फक्त साखर कमी करायला सांगितली, तर वजन सरासरी ८०० ग्रॅमने उतरलं. साखरेच्या जागी तेवढ्याच कॅलरींचं दुसरं पिष्टमय खाणं दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे साखर नडते ती तिच्यामुळे एकूण खाणं नकळत वाढतं म्हणून. वाटीभर पोहे खाल्ले तर दुपारचं जेवण थोडं कमी जातं. पेलाभर सरबत प्यायलं तर जेवण तेवढंच जातं, सरबत जास्तीचं होतं. शिवाय आपली साखर एकटी येत नाही. जिलेबी, गुलाबजाम, बर्फी यांत तिच्याबरोबर तूप, मावा, मैदा असतो.

आणखी एक गोष्ट मी बारीक माणसांनाही सांगते. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोजवर मुख्यतः यकृतात प्रक्रिया होते आणि गरजेपेक्षा जास्त फ्रुक्टोज रोज गेलं की यकृत त्याची चरबी बनवू लागतं. त्यातून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' लिहून येतं. वजनकाटा ठीक दाखवत असला तरी हे होऊ शकतं.

मी रोज पाऊण तास चालतो. तेवढी साखर जळून जात नाही का?

आकडे मांडून बघू. ७० किलो वजनाचा माणूस ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चालला तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३५ तो घरी बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई ११५. पाऊण तास चालला तर १७० ते १७५.

आता दिवसाचा चहा. घरी दोन कप, ऑफिसात दोन, परतताना स्टेशनबाहेर एक. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. यात दूध धरलेलं नाही, बिस्किटं धरलेली नाहीत. पाऊण तासाच्या चालण्यावर चहातल्या साखरेनेच पाणी फिरलं.

म्हणून चालणं फुकट गेलं असं अजिबात समजू नका. चालण्याने रक्तदाब, रक्तातली साखर, मन, झोप, गुडघे या सगळ्यांना फायदा होतो, काटा हलो वा न हलो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. पण फक्त व्यायामाने चरबी उतरवायला खूप वेळ लागतो, आणि कपातली साखर दोन मिनिटांत पोटात जाते. चरबी उतरवण्याचं मोठं काम खाण्यापिण्यातून होतं. व्यायाम ती पुन्हा चढू देत नाही आणि स्नायू राखतो.

दिवसाला किती साखर चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस, या सगळ्यांतून मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी. २००० कॅलरी खाणाऱ्याला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. वजन उतरवायला १५०० कॅलरींवर असलेल्या बाईसाठी ५ टक्के म्हणजे चार चमच्यांहूनही थोडी कमी. अख्खं फळ आणि साध्या दुधातली नैसर्गिक साखर यात मोजत नाहीत.

चमचे मोजायला कंटाळा येत असेल तर माझी आवडती युक्ती करा: महिन्याची किराणा यादी काढा. चौघांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर येत असेल, तर ५००० भागिले ४ भागिले ३०, प्रत्येकी रोजची जवळपास ४२ ग्रॅम. आठ चमच्यांहून जास्त, आणि ही फक्त घरातली. बाहेरचा चहा, बिस्किटं, सॉस, थंड पेयं, वाढदिवसाचे केक यात नाहीत. हा हिशोब सांगितला की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, कारण प्रत्येकाला वाटत असतं की आपण फार गोड खात नाही. मग ठरवा, पुढच्या महिन्यात यादीत ४ किलो लिहायची, त्यापुढच्या महिन्यात ३. गूळ वाढवायचा नाही, हे मात्र त्याच यादीत लिहून ठेवा.

चहा सोडवत नाही. काय करू?

चहा सोडू नका. चहात दोष नाही. एकदम चहा बंद केला तर कॅफिनच्या सवयीमुळे दोन-तीन दिवस डोकं धरतं, माणूस वैतागतो आणि चौथ्या दिवशी दुप्पट पितो. साखर कमी करायची आहे, तीही जिभेला कळणार नाही अशा बेताने. दोन चमचे घेत असाल तर या आठवड्यात पावणेदोन, पुढच्या आठवड्यात दीड. दोन महिन्यांत तुम्ही अर्ध्या चमच्यावर याल, आणि तेव्हा जुना चहा कुणी दिला तर तो पाकासारखा लागेल. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की आता बिनधास्त सांगते.

घरी एक बदल करा: पातेल्यात साखर घालणं बंद. चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि ज्याने त्याने आपल्या कपात घालून घ्यायची. पातेल्यात 'अंदाजाने' पडणारी साखर कुणाच्याच हिशोबात नसते. चमचाही सपाट भरा. शिगोशीग भरलेल्या एका चमच्यात सहा-सात ग्रॅम सहज बसते.

खरी अडचण ऑफिसात येते. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या ऑफिसांत ठेवलेल्या मशीनमध्ये बहुधा प्रीमिक्स असतं. त्यात दूध पावडर, चहा आणि साखर आधीच मिसळलेली असते, वेगळी काढता येत नाही. बिनसाखरेचं प्रीमिक्स मिळतं. पॅन्ट्री सांभाळणाऱ्या दादांना किंवा ॲडमिनला चार जणांनी मिळून सांगितलं तर मागवतातही. तोवर टी-बॅग आणि गरम पाणी, हवं तर थोडं दूध. टपरीवर किटलीतल्या चहात साखर आधीच पडलेली असते. रोजचा चहावाला ओळखीचा असेल तर "भाऊ, माझा बिनसाखरेचा" एवढं सांगून ठेवा. मधुमेहाच्या गिऱ्हाइकांसाठी असा चहा बरेच जण वेगळा करूनच देतात. ते जमत नसेल तर कटिंगची संख्या कमी करा.

चहाबरोबरचं विसरू नका. साध्या ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम साखर असते. चार बिस्किटं म्हणजे जवळजवळ एक चमचा. खारीत साखर फारशी नाही, पण वनस्पती तूप भरपूर.

कुणाकडे गेल्यावर "घ्या हो, एवढ्याने काय होतंय" हे ऐकावं लागतंच. तिथे वाद घालू नये. आधीच, चहा टाकायच्या अगोदर, "काकू, माझ्यात साखर नको हं" असं सांगितलं की त्यांनाही वाईट वाटत नाही. आणि एखाद्या दिवशी गोड चहा प्यायला लागला तर पिऊन टाका, त्या एका कपाने वजन वाढत नाही.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला तर?

चरबीच्या हिशोबात फरक शून्याच्या जवळ. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, गुळात साधारण ३८०. मधात पाणी असतं म्हणून त्याच्या कॅलरी थोड्या कमी, सुमारे ३००, पण चमच्यात तो वजनाने जास्त मावतो. गुळात लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण चमचाभर गुळातून मिळणारं लोह इतकं थोडं असतं की त्यासाठी गूळ खाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा नाचणी, अळीव, पालेभाजी घ्या आणि जेवताना वर लिंबू पिळा.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेणारे पुष्कळ भेटतात. चरबी वितळवण्याचा गुण त्या पाण्यात नाही. मोठा चमचा मध म्हणजे २० ग्रॅम, ६० कॅलरी. कोमट पाणी बरं वाटत असेल तर नुसतं प्या. चवीसाठी गूळ आवडत असेल तर गूळच घ्या, पण साखरेइतकाच मोजून.

चालून झाल्यावर उसाचा रस घेतो. तो नैसर्गिक आहे ना?

ऊस नैसर्गिक आहे, रस म्हणजे साखरेचं पाणी आहे. पेल्याच्या आकारावर आणि बर्फावर अवलंबून आहे, पण मोठ्या पेल्यात ३० ग्रॅमच्या घरात साखर सहज असते. तलावपाळीला चार फेऱ्या मारून रसवंतीवर थांबलात तर फेऱ्या आणि रस बरोबरीत सुटतात. रस मलाही आवडतो. उन्हाळ्यात कधीतरी, छोटा पेला, आलं-लिंबू घालून जरूर घ्या, फक्त तो व्यायामाचा भाग समजू नका.

शहाळं त्यापेक्षा बरं. एका शहाळ्यात साधारण दोन-अडीच चमच्यांएवढी साखर निघते आणि पोटॅशियम मिळतं. सर्वांत स्वस्त आणि चांगलं म्हणजे साधं पाणी. आपल्याकडच्या दमट हवेत घाम खूप जातो, तेव्हा पातळ ताक, चिमूटभर मीठ घालून. सोलकढीत साखर नसते, पण नारळाचं दूध असतं हे लक्षात ठेवा. बाटलीतलं कोकम सरबत आणि घरी भिजवलेल्या आमसुलांचं बिनसाखरेचं पाणी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. आणि साध्या कोला पेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते: अर्ध्या लिटरच्या बाटलीत दहा चमचे. माझा आग्रह फक्त एकाच गोष्टीपुरता असेल तर तो हा: ही बाटली घरात आणू नका.

पण व्यायामाला ताकद लागते. ग्लुकोज पावडर, स्पोर्ट्स ड्रिंक नको का?

तुमच्या शरीरात ताकद आधीच भरून ठेवलेली असते. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टाचा साठा असतो. त्यातून २००० कॅलरी मिळू शकतात. रात्री नीट जेवलेल्या माणसाला तासाभराच्या चालण्यासाठी, जिमसाठी किंवा झुंबासाठी वेगळी साखर लागत नाही. तीन मोठे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घातली की ३० ग्रॅमच्या आसपास साखर गेली. अर्धा लिटर स्पोर्ट्स ड्रिंकमध्येही साधारण तेवढीच.

साखरेची खरी गरज लांब पल्ल्याला पडते. ठाणे महापालिकेच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावणार असाल, किंवा तिची तयारी म्हणून दीड-दोन तास धावत असाल, तर पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायला हवीत. केळं, खजूर, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, जेल, जे पोटाला मानवेल ते, आणि ते सरावातच करून बघावं, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. अशा दिवशी साखरेला घाबरून उपाशी धावणं चुकीचं. चक्कर येते, धावणं बिघडतं आणि घरी आल्यावर माणूस दिसेल ते खातो.

ओआरएस हे जुलाब-उलट्यांत किंवा उन्हाने पार गळून गेल्यावर घ्यायचं औषध आहे. लिटरभर पाण्यात घालायच्या पुड्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि मीठही मोजून असतं. रोजच्या फिरण्यानंतर त्याची गरज नाही, आणि टेट्रापॅकमधल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका.

उपाशीपोटी चाललं तर चरबी जास्त जळते म्हणतात.

त्या तासापुरती जळते. पण मग उरलेल्या दिवसात शरीर चरबी कमी आणि पिष्ट जास्त वापरतं. दिवसभराच्या कॅलरी सारख्या असल्या तर शेवटी दोन्हींचा परिणाम सारखाच येतो. तुम्हाला सकाळी रिकाम्या पोटी बरं वाटत असेल तर तसं चाला. कसनुसं होत असेल तर अर्धं केळं खा. गोड खाल्लं की इन्शुलिन वाढतं आणि चरबी जळणं थांबतं, ही भीतीही अशीच: गोड खाल्लं की तास-दोन तास चरबी वापरणं मंदावतं हे खरं, पण चरबी उतरते की चढते हे चोवीस तासांच्या, किंबहुना आठवड्याच्या बेरजेवर ठरतं.

फळं बंद करू का? आंब्याचं काय?

फळं बंद करू नका. अख्ख्या फळात चोथा असतो, ते चावावं लागतं, पोट भरतं. १०० ग्रॅम हापूसच्या गरात साधारण ६० कॅलरी. वाशीच्या बाजारात पेट्या उतरायला लागल्या की जेवणानंतरच्या गोडाऐवजी एक आंबा कापून खा, मजेत खा. आमरसाची गोष्ट निराळी. वाटीत दोन-तीन आंबे जातात, वरून साखर पडते, बरोबर पुऱ्या येतात. तो रविवारी ठेवा. फळांचा रस, मग तो समोर काढून दिलेला का असेना, साखरेच्याच हिशोबात धरा. खजूर अख्खं फळ असलं तरी १०० ग्रॅममागे २८० कॅलरी देतं. दोन खजूर पुरे. 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या खजूर-अंजीर बर्फीचे चार तुकडे खाल्ले की पोळी-भाजीच्या जेवणाएवढं होतं.

शुगर-फ्री गोळ्या चालतील का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडी वापरू नका असा सल्ला दिला, कारण लांब पल्ल्यात तिचा फायदा दिसला नाही. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. माझं मत: दहा चमच्यांवरून उतरताना काही महिने आधार म्हणून गोळी घ्यायला हरकत नाही, पण जिभेला कमी गोडाची सवय लावणं हेच कायमचं काम. चहात गोळी टाकून बरोबर दोन लाडू खाणाऱ्यांना गोळीचा काही उपयोग नाही.

पाकिटावर नेमकं काय बघायचं?

मागची बाजू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या तिनांत असेल तर ते मिठाईच समजा, समोर धान्यांचं किंवा धावणाऱ्या मुलाचं चित्र असलं तरी. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच नावं. माल्टोडेक्स्ट्रिन साखर म्हणून मोजत नाहीत, पण रक्तात तितक्याच वेगाने उतरतं. पोषणाच्या तक्त्यात 'ॲडेड शुगर' ही ओळ वेगळी असते. ती १०० ग्रॅमला आहे की एका सर्व्हिंगला, ते आधी पहा. मग भागिले ५ करा, चमचे मिळतील. म्युसली, प्रोटीन बार, फ्लेवर्ड दही आणि मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, या चार गोष्टी दुकानातच उलटून बघाव्यात.

साखर सोडली, पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, मग थांबलं. असं का?

पहिल्या आठवड्यात उतरलं ते बरंचसं पाणी. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं कमी झालं की साठा घटतो, पाणी जातं, काटा एकदम खाली येतो. चरबीचा वेग हळूच असतो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोजच्या २०० कॅलरींची साखर पूर्ण बंद केली आणि बाकी काही बदललं नाही, तर कागदावर ३८-३९ दिवसांत एक किलो. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ, कारण वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. थांबलंय असं वाटतं तेव्हा बहुधा खरं काम सुरू झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. कृपा करून तेव्हा सोडू नका.

रोज काट्यावर उभं राहून जीव घाबरा करू नका. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, सकाळी. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मोजूच नये, अंगात पाणी धरतं. त्यापेक्षा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

फक्त पोटाची चरबी उतरवायची आहे.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यांच्यावरची चरबी तिथूनच जळत नाही. चरबी कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं. त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस वजनाचे व्यायाम करा, म्हणजे उतरणाऱ्या वजनात स्नायू कमी जातील. प्रथिनंही वाढवा. प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान ०.८३ ग्रॅम लागतं, वजन उतरवताना व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम. साखर काढून टाकलेली जागा डाळ, उसळ, अंडी, दही, मासे यांनी भरली की चार वाजता गोडाची ओढ आपोआप कमी होते.

घाम जास्त आला म्हणजे चरबी जास्त जळली का?

नाही. आपल्या हवेत नुसतं उभं राहिलं तरी घाम येतो. २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशोब मांडून दाखवला: १० किलो चरबी जळते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते, १.६ किलोचं पाणी होतं. पोटाला प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून धावल्याने पाणी जातं, ते पेलाभर प्यायलं की परत येतं.

रात्री अकराला घरी, पहाटे पाचला चालायला. पुरेसं आहे ना?

नाही, आणि हा प्रश्न आपल्या भागात मला सर्वांत जास्त सतावतो. २०१० साली शिकागो विद्यापीठाने दहा जणांवर एक छोटा पण नेटका प्रयोग केला. त्याच माणसांना तेवढ्याच कॅलरी देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायची संधी दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी होता. स्नायूच जास्त गेले, भूकही वाढली. झोप अर्धवट झालेल्या दिवशी गोड खावंसं वाटतं हे तुम्हीही अनुभवलं असेल. डोंबिवली, बदलापूरहून ठाण्यात किंवा ठाण्याहून पनवेलला रोज जाणाऱ्या माणसाला मी सांगते, आठवड्यातून तीनच दिवस पहाटे उठा, उरलेले दिवस झोपा आणि जेवणानंतर सोसायटीतच वीस मिनिटं चाला.

गणपती, दिवाळी, लग्नं. तेव्हा काय करायचं?

खायचं. उकडीचे मोदक वर्षातून किती दिवस होतात? पुरणपोळी किती वेळा? घरच्या नैवेद्याने कुणाची चरबी वाढत नाही. ती वाढते उरलेल्या तीनशे दिवसांत, लक्षात न येणाऱ्या साखरेने. मोदक जेवणाबरोबर खा, त्या दिवशीचा भात कमी घ्या, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा. दिवाळीत घरोघरी येणारे मिठाईचे डबे मात्र उघडल्या दिवशीच वाटून टाका. डबा टेबलावर राहिला की येता-जाता हात जातो.

मला मधुमेह आहे. व्यायाम करताना साखर पूर्ण बंद ठेवू का?

हे नीट वाचा. तुम्ही इन्शुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेत असाल, तर व्यायामात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने हे सहसा होत नाही. इन्शुलिनवर किंवा वरच्या गोळ्यांवर असताना चालायला निघण्यापूर्वी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. खिशात साखरेच्या पुड्या, फोन आणि औषधांची चिठ्ठी ठेवा, येऊरच्या आतल्या रस्त्याला किंवा पारसिक हिलवर एकटे जाऊ नका.

हात थरथरले, दरदरून घाम आला, धडधडलं, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. पेढा किंवा चॉकलेट चालणार नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुगर-फ्री वस्तूंचा तर इथे काहीच उपयोग नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आहारातली साखर आणि भात-पोळी कमी करत असाल तर त्याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना तसं कळवा. औषधाचा डोस कमी करावा लागू शकतो, आणि तो स्वतःच्या मनाने करू नये.